नैराश्य, औषधे आणि थेरपी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वाचकांकडून पुन्हापुन्हा आले आहेत. एकसारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि जिथे एका उत्तराचा संबंध दुसऱ्याशी येतो तिथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. स्वतःला इजा करण्याचे विचार मनात येत असतील, तर बाकी सारे बाजूला ठेवून आधी प्रश्न १० वाचावा.

१. नुसती उदासी आणि नैराश्याचा आजार यांतला फरक कसा ओळखायचा?

उदासीला बहुधा कारण असते आणि त्या काळातही माणूस मधूनच हसतो, आवडीचे जेवण त्याला आवडते. नैराश्याच्या आजारात मन खिन्न राहणे किंवा कशातच रस न वाटणे, यांपैकी निदान एक गोष्ट दिवसाचा बहुतेक वेळ, जवळजवळ रोज आणि किमान दोन आठवडे टिकते. तिच्या जोडीला झोप व भूक बिघडणे, थकवा, लक्ष न लागणे, आपण कुचकामी आहोत असे वाटणे, हालचाल मंदावणे किंवा मरणाचे विचार, अशी लक्षणे असतात. पीएचक्यू-९ या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीत ० ते २७ गुण मिळतात आणि १० किंवा त्याहून अधिक गुण आल्यास तपासणी करून घ्यावी असे मानतात. ही प्रश्नावली चाळणीपुरती आहे. तिच्यावरून निदान होत नाही, कारण थायरॉइडची कमतरता, रक्तक्षय किंवा काही औषधे यांमुळेही असेच गुण येऊ शकतात. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार भारतात साधारण वीस प्रौढांपैकी एकाला आयुष्यात कधीतरी नैराश्य आलेले असते.

२. माझे अंग दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही. सगळे रिपोर्ट नॉर्मल आहेत आणि डॉक्टर म्हणतात हे मनाचे आहे. म्हणजे मी सोंग करतो असे त्यांना म्हणायचे आहे का?

नाही. नैराश्यात झोप, भूक, वेदना आणि थकवा यांत खरोखरच बदल होतो आणि दुखणे खरोखर दुखते. आशियाई देशांतल्या दवाखान्यांत नैराश्य बहुतेक वेळा याच दाराने आत येते. रुग्ण प्लॅस्टिकच्या पिशवीतून रिपोर्टची जाड फाइल काढतो, अंगात कणकण, छातीत धडधड, हातापायांना मुंग्या अशी यादी सांगतो आणि मनाचे काही विचारले की 'तसे काही टेन्शन नाही' म्हणतो.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी १९८० मध्ये चीनच्या हुनान प्रांतात 'न्यूरास्थेनिया', म्हणजे मज्जासंस्थेचा अशक्तपणा, असे निदान झालेले १०० रुग्ण तपासले, तेव्हा त्यांपैकी ८७ जण तीव्र नैराश्याच्या निकषांत बसत होते. थकवा आणि डोकेदुखीवर उपचार मागणे हे तिथे चारचौघांत मान्य होते, मनाच्या दुखण्याचे तसे नव्हते. आपल्याकडचे उदाहरण गोव्याचे आहे. अंगावरून पांढरे जाते अशी तक्रार घेऊन आलेल्या स्त्रियांचा तिथे अभ्यास झाला, तेव्हा त्या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा नैराश्य व चिंतेशी अधिक घट्ट असल्याचे आढळले. अशा बाईला केवळ अँटिबायोटिक देऊन घरी पाठवले की ती महिन्याभराने त्याच तक्रारीसाठी परत येते.

त्यामुळे आशियाई रुग्णांना आपल्या भावना ओळखता येत नाहीत, हे जुन्या पुस्तकांतले विधान आम्हाला पटत नाही. डॉक्टरने पाच मिनिटे जास्त दिली आणि प्रश्न नीट विचारले की बहुतेक जण घरचे, पैशाचे, नात्याचे सगळे सांगतात. शारीरिक तक्रार आधी सांगितली जाते, कारण डॉक्टरकडे तीच घेऊन जायची असते असे सर्वांनी शिकवलेले असते. तपासण्या एकदा व्यवस्थित करून घ्याव्यात. त्या पुन्हापुन्हा करून मात्र काही हाती लागत नाही.

३. मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांत नेमके कोणाकडे जायचे?

मनोविकारतज्ज्ञ हा एमबीबीएस होऊन पुढे मनोविकारशास्त्रात पदव्युत्तर शिक्षण घेतलेला डॉक्टर असतो आणि औषधे तोच लिहून देतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट हा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेला मानसशास्त्रज्ञ असतो. तो चाचण्या व थेरपी करतो, औषधे देत नाही. 'समुपदेशक' ही पाटी मात्र फार वेगवेगळ्या शिक्षणाचे लोक लावतात, त्यामुळे पदवी, नोंदणी आणि कोणाच्या देखरेखीखाली काम करता, हे विचारण्यात काहीच गैर नाही.

लक्षणे सौम्य असतील तर सुरुवात यांपैकी कुठूनही करता येते. जेवणखाण बंद होणे, भास होणे, कामावर जाणे अशक्य होणे किंवा मरणाचे विचार असतील, तर आधी मनोविकारतज्ज्ञ. खासगी फी परवडत नसल्यास जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग, वैद्यकीय महाविद्यालयांचे बाह्यरुग्ण विभाग, येरवडा, ठाणे, नागपूर व रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये आणि गोव्यात बांबोळीची मानसोपचार संस्था हे सरकारी पर्याय आहेत. मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेले म्हणजे भरती करून घेतात, असा समज अजूनही आढळतो. तो चुकीचा आहे.

४. थेरपीत नुसते बोलायचे असते का? बोलून आजार कसा बरा होईल?

नुसते बोलणे आणि थेरपी यांत बराच फरक आहे. गोव्यात 'संगत' या संस्थेने तयार केलेल्या हेल्दी अॅक्टिव्हिटी प्रोग्रॅमच्या उदाहरणाने तो स्पष्ट होतो. हा सहा ते आठ सत्रांचा उपचार आहे आणि त्याचा मुख्य आधार साधा आहे: नैराश्यात माणूस कामे टाळतो, कामे टाळल्याने आनंदाच्या व समाधानाच्या संधी कमी होतात, आणि त्यामुळे नैराश्य वाढते. उपचार या चक्राच्या 'टाळणे' या टप्प्यावर केला जातो, कारण तो टप्पा बदलणे माणसाच्या हातात सर्वांत जास्त असते.

प्रत्यक्षात पहिल्या सत्रांत रुग्णाबरोबर त्याचा दिवस तासांनुसार लिहिला जातो आणि कोणत्या वेळी मन कसे होते याची नोंद केली जाते. बहुधा त्यातच दिसते की दुपारी दोन ते पाच अंथरुणात पडून राहिलेले तास सर्वांत वाईट गेले. मग एखादे छोटे, ठरलेल्या वेळेचे काम निवडले जाते, उदाहरणार्थ संध्याकाळी सहाला कोपऱ्यावरच्या दुकानातून स्वतः दूध आणणे. इच्छा होईल तेव्हा जाऊ, असे ठरवायचे नसते, कारण या आजारात इच्छा आपोआप होत नाही. काम आधी आणि उत्साह मागाहून, हा क्रम रुग्णाला अनुभवाने पटावा लागतो. पुढच्या सत्रात काम झाले का, न झाल्यास काय आडवे आले, हे पाहिले जाते आणि त्याच्या जोडीला अडचणी सोडवणे, झोप, दारू, चिंतेचे घोळणे यांवर काम होते.

विचारांची तपासणी करणारी कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी आणि नात्यांतील तणावावर लक्ष देणारी इंटरपर्सनल थेरपी याही नैराश्यावर परिणामकारक आहेत. कोणतीही पद्धत असो, तिसऱ्या-चौथ्या सत्रापर्यंत आपण नेमके कशावर काम करत आहोत हे रुग्णाला सांगता आले पाहिजे. ते येत नसेल तर थेरपिस्टला विचारावे.

५. आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात थेरपी करणारी मुलगी डॉक्टरही नाही आणि मानसशास्त्रज्ञही नाही. तिच्यावर विश्वास ठेवायचा का?

तिला नीट प्रशिक्षण मिळाले असेल आणि तिच्या कामावर देखरेख असेल, तर निश्चित ठेवावा. प्रश्न ४ मधला उपचार गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत मानसिक आरोग्याचे कोणतेही पूर्वशिक्षण नसलेल्या स्थानिक समुपदेशकांनी दिला आणि तोही मध्यम-तीव्र ते तीव्र नैराश्याच्या रुग्णांना. तीन महिन्यांनी त्यांच्यातील ६४ टक्के रुग्ण लक्षणमुक्तीच्या पातळीवर आले होते, तर डॉक्टरांच्या नेहमीच्या उपचाराला थोडी जोड दिलेल्या गटात हे प्रमाण ३९ टक्के होते. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. या समुपदेशकांच्या सत्रांची ध्वनिमुद्रणे ऐकून सहकारी एकमेकांना गुण देत असत. आमच्या मते पदवीपेक्षा हा भाग अधिक महत्त्वाचा आहे, कारण अनेक पदवीधरांचे काम दार बंद झाल्यावर पुन्हा कोणीच तपासत नाही.

पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात मनोविकारतज्ज्ञ अतीफ रहमान व सहकाऱ्यांनी गावोगावच्या आरोग्य सेविकांना अशाच उपचाराचे प्रशिक्षण दिले. त्या सेविकांनी भेट दिलेल्या नैराश्यग्रस्त मातांपैकी बाळ सहा महिन्यांचे झाले तेव्हा २३ टक्के अजून आजारी होत्या, तुलनेच्या गटात मात्र ५३ टक्के.

यालाही एक अपवाद नोंदवायला हवा. गोव्यातच त्याआधी झालेल्या 'मानस' चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१० मध्ये आले, १२ सरकारी केंद्रे आणि १२ खासगी डॉक्टरांचे दवाखाने होते. समुपदेशक जोडल्याचा लाभ सरकारी केंद्रांत स्पष्ट दिसला, खासगी दवाखान्यांत दिसला नाही.

६. ही सगळी पाश्चात्त्य शास्त्रे आहेत. आपल्या लोकांना ती लागू पडतात का?

जशीच्या तशी नेहमी पडत नाहीत, हे आशियातील मनोविकारतज्ज्ञांनी फार पूर्वीच लिहून ठेवले आहे. गिरींद्रशेखर बोस यांनी १९२२ मध्ये कोलकात्यात भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली आणि मनोविश्लेषणाचे जनक फ्रॉइड यांच्याशी पत्रव्यवहार करताना आपले मतभेदही मांडले. जसवंतसिंग नेकी यांनी १९७३ मध्ये गुरू-चेला नाते हा उपचाराचा एक नमुना होऊ शकतो असे सुचवले. भारतीय रुग्ण उपचारकाकडून मार्गदर्शनाची अपेक्षा ठेवतो, त्यामुळे 'तुम्हाला काय वाटते?' एवढेच विचारून तासभर गप्प बसणारा थेरपिस्ट त्याला निष्काळजी वाटतो, हे निरीक्षण आजही तंतोतंत लागू आहे.

जपानमध्ये शोमा मोरिता यांनी १९१९ च्या सुमारास स्वतंत्र पद्धत उभी केली. तिच्यात रुग्णाला आधी काही दिवस पूर्ण विश्रांती देऊन मग टप्प्याटप्प्याने कामाला लावले जाते आणि भावना आहेत तशा राहू देऊन करायचे ते करावे, यावर भर असतो. ती मूळची चिंताविकारांसाठी होती, म्हणून तिला नैराश्यावरचा आशियाई उपचार म्हणून सरसकट पुढे करणे बरोबर नाही. त्याच जपानमध्ये २०१० पासून नैराश्यासाठीची कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपी सरकारी आरोग्य विम्यात आहे.

थोडक्या सत्रांचा, सूचना देणारा, घरच्यांना सामील करून घेणारा उपचार म्हणजे खऱ्या थेरपीची पातळ आवृत्ती, असे समजण्याचे कारण नाही. प्रश्न ५ मधले आकडे अशाच उपचाराचे आहेत. योग, प्राणायाम, नामस्मरण यांनी कोणाला स्वस्थता मिळत असेल तर ती जोड म्हणून उत्तम आहे. तीव्र नैराश्यात केवळ त्यांवर विसंबू नये.

७. माझे सासरे प्रत्येक वेळी माझ्यासोबत आत येऊन बसतात. त्यांच्यासमोर मी काय सांगणार?

कुटुंबाला उपचारात घेणे ही भारतीय मनोविकारशास्त्राची जुनी आणि चांगली परंपरा आहे. अमृतसरला १९५० च्या दशकात डॉ. विद्यासागर यांनी नातेवाइकांना रुग्णालयाच्या आवारात तंबू ठोकून रुग्णांसोबत राहू दिले, तेव्हा रुग्ण लवकर बरे होऊन घरी जाऊ लागले. गोळ्या वेळेवर देणे, सत्राला घेऊन येणे, धोक्याची चिन्हे ओळखणे ही कामे घरचेच करतात.

पण सोबत आणणे आणि समोर बसून ऐकणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार तुमची माहिती गोपनीय ठेवणे डॉक्टरवर बंधनकारक आहे. तुम्ही डॉक्टरांना आधी फोनवर किंवा चिठ्ठीने सांगू शकता की, काही वेळ एकटीशी बोलावे. अनुभवी डॉक्टर मग 'बाबा, तुमच्याकडून आधी माहिती घेतो, नंतर थोडा वेळ सुनबाईंची तपासणी करतो' असे म्हणून वडीलधाऱ्यांचा मान राखत त्यांना बाहेर बसवतात. त्रास घरातल्याच कोणाकडून होत असेल, तर एकटीची वेळ मिळेपर्यंत तो विषय काढू नये. कायद्यानुसार प्रौढ व्यक्ती आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयांत साथ देणारा माणूस, स्वतः निवडू शकते, तो सासरचाच असावा असे नाही.

८. गोळ्या घ्यायच्या की थेरपी? आणि गोळ्यांची सवय लागते का?

सौम्य नैराश्यात थेरपीने सुरुवात करणे रास्त आहे, तीव्र नैराश्यात औषधे बहुधा लागतातच आणि दोन्ही मिळून केलेला उपचार पुष्कळदा एकट्या उपचारापेक्षा चांगला ठरतो. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, फ्लुऑक्सेटिन यांसारख्या औषधांचा परिणाम दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. पहिल्या आठवड्यात मळमळ, अस्वस्थता यांसारखे त्रास आधी होतात आणि लाभ नंतर दिसतो, म्हणूनच बरेच जण नेमक्या चुकीच्या वेळी गोळी सोडतात. पंचविशीखालील रुग्णांत सुरुवातीच्या आठवड्यांत आत्महत्येचे विचार वाढतात का, याकडे घरच्यांनी लक्ष ठेवावे.

या औषधांचे दारूसारखे व्यसन लागत नाही, मात्र ती एकदम बंद केल्यास चक्कर, चिडचिड, विजेचा झटका बसल्यासारखी संवेदना होऊ शकते. झोपेच्या व चिंतेच्या अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांची सवय मात्र नक्की लागते आणि गोंधळ बहुधा इथेच होतो. बरे वाटू लागल्यावरही पहिल्या वेळच्या आजारात साधारण सहा ते नऊ महिने औषध चालू ठेवतात आणि नंतर हळूहळू कमी करतात.

आशियाई रुग्णांना डोस कमी लागतो का, असेही विचारले जाते. एस्सिटालोप्रामसारखी औषधे यकृतात मोडणारे एक विकर (एन्झाइम) आशियाई लोकसमूहांत युरोपीयांपेक्षा अधिक जणांत निष्क्रिय असते, त्यामुळे अशांच्या रक्तात औषध जास्त साठते. 'कमीत सुरू करा, सावकाश वाढवा' ही इथल्या डॉक्टरांची सवय म्हणून योग्यच आहे. सुरुवातीचा डोस न वाढवता तसाच ठेवला जातो, तेव्हा मात्र रुग्ण महिनोन्महिने अपुऱ्या डोसवर राहतो.

९. आधी देवस्थानी किंवा दर्ग्यात जाऊन यायचे की डॉक्टरकडे?

दोन्ही एका वेळी चालू शकते. गुजरातमध्ये उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा-दुआ' उपक्रमात दर्ग्यातले सेवेकरीच रुग्णाला आवारातल्या मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवतात. औषध बंद करा असे सांगणारा, उपाशी ठेवणारा किंवा बांधून ठेवणारा कोणी असेल तर तिथून ताबडतोब निघावे. तामिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी लागलेल्या आगीत २८ मनोरुग्ण मरण पावले, कारण ते साखळ्यांनी बांधलेले होते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधण्यास पूर्ण बंदी आहे.

१०. मरून जावेसे वाटते. कोणाला सांगितले तर पोलीस केस होईल का?

असे विचार सांगण्याबद्दल कोणतीही केस होत नाही. केंद्र सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, त्यावर मराठीत बोलता येते आणि पैसे लागत नाहीत. विचार तीव्र असतील, साधन हाताशी असेल किंवा वेळ ठरवलेली असेल, तर एकटे राहू नये, जवळच्या माणसाला आत्ताच सांगावे आणि जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जावे. घरच्यांनी कीटकनाशके, साठवलेल्या गोळ्या आणि दोर नजरेआड, शक्यतो घराबाहेर ठेवावेत. अशी तीव्र लाट पुष्कळदा थोड्या वेळात ओसरते आणि तेवढा वेळ साधन न मिळणे जीव वाचवते.

प्रयत्न झालेलाच असेल, तर २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार ती व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असे गृहीत धरून तिला शिक्षा करता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणाऱ्या जुन्या ३०९ कलमासारखे सरसकट कलम उरलेले नाही. विषबाधेच्या रुग्णाची नोंद रुग्णालय पोलिसांकडे करते आणि जबाब घेतला जातो. त्या भीतीने उपचाराला उशीर करू नये.

११. बाळंतपणानंतर सुनेला सतत रडू येते. हे आपोआप जाईल ना?

पहिल्या दहा-बारा दिवसांतले रडणे बहुधा जाते. दोन आठवड्यांनंतरही ते टिकले किंवा बाळाबद्दल काहीच वाटेनासे झाले, तर तपासणी करावी. स्तनपान चालू ठेवून घेता येणारी औषधे आहेत आणि थेरपीही परिणामकारक आहे (प्रश्न ५ पाहा). रावळपिंडीच्या उपक्रमात भेटी बाळाच्या वाढीसाठी म्हणून दिल्या जात, त्यामुळे सासू दारातच अडवत नसे. आपल्याकडच्या आशाताईंनाही ही युक्ती उपयोगी पडावी.

१२. डॉक्टरांनी शॉक ट्रीटमेंट सुचवली आहे. हे क्रूर नाही का?

सिनेमात दाखवतात ती पद्धत आता बेकायदेशीर आहे. भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय ईसीटी, म्हणजे हा विजेचा उपचार, देता येत नाही आणि अठरा वर्षांखालील मुलांना पालकांची संमती व मानसिक आरोग्य मंडळाची पूर्वपरवानगी असल्याशिवाय देता येत नाही. रुग्णाने अन्नपाणी सोडले असेल, भास-भ्रमांसह नैराश्य असेल किंवा आत्महत्येचा धोका फार मोठा असेल, तर तो सर्वांत लवकर गुण देणाऱ्या उपचारांपैकी एक आहे. त्या काळापुरता विसरभोळेपणा येतो आणि काहींच्या काही आठवणी कायमच्या पुसट होतात, हे आधी समजावून घ्यावे.

१३. आरोग्य विम्यात हा खर्च मिळतो का?

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या धर्तीवरच मानसिक आजारांसाठी विमा देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. अडचण अशी की बहुतेक पॉलिसी भरतीचाच खर्च देतात, आणि नैराश्याचा खर्च मुख्यतः सत्रे व गोळ्यांचा असतो. बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद पॉलिसीत आहे का, ते पाहावे.

१४. गोळ्या सुरू केल्यावर आठवड्यात मुलगा एकदम उत्साही झाला, रात्रभर जागतो, नवीन धंद्याच्या गोष्टी करतो. हे बरे होणे आहे का?

नसण्याची शक्यता आहे. नैराश्याच्या आड बायपोलर आजार, म्हणजे नैराश्य आणि उन्माद आलटून-पालटून येणारा आजार, असेल, तर एकटे नैराश्यविरोधी औषध उन्मादाची अवस्था सुरू करू शकते. झोपेची गरजच न वाटणे, अखंड बडबड, उधळपट्टी दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना कळवावे. घराण्यात कोणाला असा आजार असेल तर ते पहिल्याच भेटीत सांगावे. लग्न जुळण्यात अडचण येईल म्हणून ही माहिती दडवली जाते आणि त्याची किंमत रुग्ण मोजतो.

१५. मी परदेशात राहते. मला मराठीतच बोलायचे आहे. पुण्यातल्या थेरपिस्टशी ऑनलाइन सत्रे चालतील का?

अमेरिकेच्या बहुतेक राज्यांत थेरपिस्टला रुग्ण जिथे आहे त्या राज्याचा परवाना लागतो, म्हणून अनेक भारतीय थेरपिस्ट अशा रुग्णांना नकार देतात. इंग्लंडमध्ये सरकारी आरोग्यसेवेच्या थेरपीसाठी स्वतः नाव नोंदवता येते आणि दुभाषाही मागता येतो. परक्या शहरातला मराठी थेरपिस्ट महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत भेटणारा निघू शकतो, तेव्हा पहिल्या सत्रातच ओळखीपाळखीचा प्रश्न काढावा. थेरपिस्ट दूरचा असेल तर तातडीच्या प्रसंगी स्थानिक कोणाला बोलवायचे, हेही त्याच्याबरोबर आधी ठरवून ठेवावे.

१६. आठ सत्रे झाली, औषधही चालू आहे, तरी फरक नाही. आता काय?

प्रथम पुढील गोष्टी तपासाव्यात: डोस पुरेसा आहे का, गोळी रोज घेतली जाते का, दारू चालू आहे का, थायरॉइड तपासला आहे का, आणि निदान बरोबर आहे का (प्रश्न १ व १४). पुरेशा डोसवर सहा आठवड्यांत काहीच फरक नसेल, तर औषध बदलणे किंवा जोड देणे नेहमीचे आहे. पहिल्या औषधाने बरे न होणारे रुग्ण पुष्कळ असतात. थेरपीत ठरलेली कामे होत नसतील, तर ती आणखी लहान करावी लागतात. थेरपिस्टशी सूर जुळत नसेल, तर तसे त्यांना स्पष्ट सांगून दुसऱ्याचे नाव मागावे, चांगला थेरपिस्ट याने दुखावत नाही. घरात मारहाण, कर्जवसुलीचा तगादा किंवा बेकारी असेल, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखालील संरक्षण अधिकारी, बँकेशी बोलणी किंवा रोजगार यांची व्यवस्था हाही उपचाराचाच भाग धरून जिल्हा रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षकांची मदत घ्यावी.